अंगात आहे, पण मनावर घेत नाही?

प्रो कबड्डी लीगच्या लिलावाआधी तरुण खेळाडूची पारख दोन अंगांनी होते. एक अंग खेळाचे: उंची, वजन, पायातली झेप, पकडीतला जोर, चढाईतली चपळाई. दुसरे अंग मनाचे: या पोराला खरोखर मोठे व्हायचे आहे का, तो घाम गाळील का, पडल्यावर पुन्हा उभा राहील का. पहिल्या अंगासाठी निदान मोजपट्टी आणि घड्याळ लागते. दुसऱ्यासाठी काहीच लागत नाही. मैदानाकडेला खुर्ची टाकून बसलेल्या माणसाच्या एका वाक्यावर ते काम उरकते. रायगड जिल्ह्यातल्या महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतल्या पोरांच्या वाट्याला ते वाक्य पुन्हा पुन्हा एकच येते: अंगात आहे, पण मनावर घेत नाही.

हे मत बाळगणाऱ्यांचे पूर्ण म्हणणे असे असते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात कबड्डी वाडीवाडीत आहे. पोरे काटक आहेत, डोंगर चढून-उतरून त्यांचे पाय तयार झालेले आहेत. पण बारावी झाली की त्यांना नोकरी दिसू लागते. महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर लागले, पोलिस भरतीला बसले किंवा मुंबईला काकाच्या खोलीवर राहायला गेले की खेळ सुटला. मागे उरतात ते बक्षिसांच्या सामन्यांत रमतात आणि गावच्या चषकापलीकडे बघत नाहीत. हरियाणाचा पोरगा पहाटे चारला मॅटवर असतो, महाडचा शिमग्याला पालखी नाचवायला सराव सोडून गावी पळतो. अनुभवी नजरेला हा फरक पाच चढायांत कळतो, तेव्हा इकडे वेळ घालवण्यात अर्थ नाही. हे मत इतक्या सहज बोलले जाते की ते तपासायचे असते, याचाच विसर पडला आहे. तपासले तर त्यातले एकही विधान टिकत नाही.

पाच चढायांचीच गोष्ट आधी घ्यावी. कबड्डी हा भारोत्तोलनासारखा एकट्याचा खेळ नाही. चढाई तीस सेकंदांची असते, पण त्या तीस सेकंदांत चढाईपटू काय करतो हे समोरचे सातजण कसे उभे आहेत, बोनस खुला आहे की नाही, आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या आहेत का, आपल्या बाजूला कोण बाद होऊन बसले आहे, या सगळ्यावर ठरते. निवड चाचणीत यातले काय असते? एकमेकांची नावेही माहीत नसलेल्या पोरांना पाठीवर क्रमांक लावून दोन बाजूंना उभे केले जाते. कोपरारक्षकाची तर यात पुरती कुचंबणा होते. घोट्याची पकड करताना शेजारचा कव्हर त्याच क्षणी आत येणार, हा भरवसा त्याला वर्षभराच्या सरावाने आलेला असतो. अनोळखी साखळीत त्याने पकड टाकली आणि मदत आली नाही, तर टिपणवहीत ‘घाई करतो’ अशी नोंद होते. मदतीची वाट पाहत तो थांबला, तर ‘अंगावर जात नाही’ अशी होते. दोन्ही नोंदी त्याच्याविषयी काही सांगत नाहीत. सांगत असल्याच तर शेजाऱ्याविषयी सांगतात. अशा चाचणीतून एखाद्याच्या मनाचा ठाव लागतो असे म्हणणे म्हणजे ओळीतल्या एका अक्षरावरून अख्ख्या पत्राचा अर्थ लावण्यासारखे आहे.

त्यात माती आणि मॅट यांचा फरक आहे. पोलादपूरच्या वाडीतला मुलगा चाळलेल्या, पाणी मारून चोपलेल्या मातीवर अनवाणी वाढतो. मातीत पायाची बोटे रुततात, टाच किंचित घसरते, आणि त्या घसरणीचाच उपयोग करून चढाईपटू वळतो. मॅटवर बूट पकडतात, वळण तुटक होते, गुडघ्यावर वेगळा ताण येतो. पहिल्यांदा मॅटवर उतरलेला चांगला खेळाडूही काही दिवस अर्ध्या वेगाने खेळतो. पाय जपतो, कारण पाय मोडला तर उपचाराचा खर्च घरावर येणार हे त्याला ठाऊक असते. वहीत मात्र ‘जोर लावत नाही’ असेच लिहिले जाते. शिवाय सह्याद्रीच्या या उतारावर जून ते सप्टेंबर पाऊस असा कोसळतो की उघडे मैदान चार महिने निकामी होते. ज्यांच्या तालुक्यात बारमाही छताखालचे मॅट आहे आणि ज्यांच्या तालुक्यात नाही, अशा दोघांना एका सकाळी शेजारी उभे करून एकाला मेहनती आणि दुसऱ्याला आळशी ठरवायचे, ही कोणती पारख?

लीगचा स्वतःचा इतिहासही या आत्मविश्वासाच्या विरोधातच साक्ष देतो. पवन सेहरावत पाचव्या हंगामात, म्हणजे 2017 मध्ये, गुजरातच्या संघात होता आणि बहुतेक काळ बाकावर बसून होता. पुढच्याच हंगामात तो बंगळुरू बुल्सकडून खेळला, चढाईचे 271 गुण मिळवले आणि 5 जानेवारी 2019 च्या मुंबईतल्या अंतिम सामन्यात त्याच गुजरातविरुद्ध एकट्याने 22 गुण घेऊन बंगळुरूला विजेतेपद मिळवून दिले. एका वर्षात त्याच्या मनात नवी भूक उगवली का? की ज्यांनी त्याला बाकावर बसवले, त्यांना ती दिसली नाही? कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई पंचविशी ओलांडल्यावर 2018 मध्ये पहिल्यांदा लीगमध्ये आला. यू मुंबाने त्याला 36.40 लाखांना घेतले, पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि 2019 च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1.45 कोटी मोजले. चंदगड हा तालुकाही पारखी नजरांच्या वाटेवरचा नव्हता. आणि प्रदीप नरवाल? लीगच्या इतिहासात चढाईचे सर्वाधिक गुण नावावर असलेल्या या खेळाडूला 2021 मध्ये यूपी योद्धाने 1.65 कोटींना घेतले. 2025 च्या लिलावात त्याच्यावर कोणी बोलीच लावली नाही. वर्षानुवर्षांचे चित्रण, प्रत्येक चढाईची नोंद, सगळे हाताशी असलेल्या खेळाडूची किंमतही अशी हेलकावे खाते. मग ज्याच्या पाचच चढाया पाहिल्या आहेत, त्या एकोणीस वर्षांच्या मुलाबद्दल ठाम बोलण्याचा अधिकार कुठून आला?

पारखीची सगळ्यात मोठी यंत्रणा अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये आहे. तिथे महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंना दरवर्षी इंडियानापोलिसला बोलावून त्यांची धाव, उडी, ताकद मोजतात, मुलाखती घेतात. बुद्धीची लेखी चाचणीही अनेक वर्षे घेतली जात होती, ती 2022 पासून बंद झाली. एवढे करूनही 2000 साली टॉम ब्रॅडीला 198 खेळाडू निवडून झाल्यावर 199 व्या क्रमांकावर घेतले गेले आणि त्याने पुढे सात सुपर बोल जिंकले. 1998 मध्ये रँडी मॉस वर्तनाबद्दलच्या शंकांमुळे एकविसाव्या क्रमांकापर्यंत घसरला आणि पहिल्याच हंगामात त्याने 17 टचडाउन केले. उलट 2007 मध्ये सर्वांच्या आधी निवडलेला जामार्कस रसेल तीन हंगामांत संपला. कोट्यवधी डॉलर खर्चणारी यंत्रणा ज्या प्रश्नावर इतकी वेळा चुकते, त्याचे उत्तर एका सकाळच्या चाचणीत मिळाल्याचा दावा कोणी करू नये.

आता नोकरीचा आरोप. हा सगळ्यात जास्त अन्यायाचा आहे, म्हणून त्यावर थांबणे भाग आहे. महाड-पोलादपूरचा मुलगा पोलिस भरतीची तयारी करतो, याचा अर्थ त्याला कबड्डीत मोठे व्हायचे नाही असा लावला जातो. पण महाराष्ट्रातली कबड्डी उभीच नोकरीवर राहिली. एअर इंडिया, महिंद्रा, भारत पेट्रोलियम, मध्य रेल्वे, मुंबई पोलिस, बँका, मुंबई बंदर यांच्या संघांनी या खेळाला पिढ्यान्पिढ्या पोसले. राज्यातल्या मोठ्या स्पर्धांत व्यावसायिक संघांचा गट वेगळा ठेवला जातो तो त्यामुळेच. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवण्याचे धोरण राज्याने स्वीकारले ते खेळाडूने खेळत राहावे म्हणून. ज्या हरियाणाचा दाखला दिला जातो, तिथले खेळाडूही पोलिस, रेल्वे आणि सेनादलांच्या नोकऱ्यांत आहेत. भारताचा संघनायक राहिलेला अनुप कुमार केंद्रीय राखीव पोलिस दलात शिपाई म्हणून लागला होता. नोकरी त्याच्या आड आली नाही, उलट पायाखाली उभी राहिली. हरियाणाच्या मुलाने नोकरी धरली तर ती खेळाची निष्ठा आणि पोलादपूरच्या मुलाने धरली तर ती खेळावरची अश्रद्धा, हे कोणत्या न्यायात बसते?

त्या मुलापुढचे गणितही पाहायला हवे. लीगच्या लिलावात सगळ्यात खालच्या गटाची पायाभूत किंमत गेल्या काही हंगामांत 9 लाख राहिली आहे. पण त्या यादीत नाव येणे आणि बोली लागणे यांत मोठे अंतर आहे, आणि हंगाम काही महिन्यांत संपतो. गुडघा गेला तर दुसरा हंगाम नाही. वडिलांचे भाताचे खाचर पाच-सात गुंठ्यांचे, मोठा भाऊ गिरणगावात नाहीतर नालासोपाऱ्यात भाड्याच्या खोलीत, घरात बहिणीचे शिक्षण चालू: अशा घरातला मुलगा कायमच्या पगाराकडे पाहतो तेव्हा तो घराचा विचार करत असतो. घराचा विचार करणारा मुलगा संघाचा विचार करणार नाही, हे गृहीत कोणी आणि कशावरून धरले? उलट, ज्याने वयाच्या अठराव्या वर्षी जबाबदारी ओळखली त्याच्यावर शेवटच्या मिनिटाला एका गुणाची आघाडी सांभाळण्याची जबाबदारी टाकायला हरकत नसावी.

जुलै 2021 ची आठवण याच ठिकाणी द्यायला हवी. 22 जुलैला सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले आणि घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. त्यानंतरचे कित्येक आठवडे या दोन तालुक्यांतली तरुण पोरे दुकानांतला गाळ उपसत होती, भिजलेले धान्य बाहेर काढत होती, वाड्यांवर पाणी आणि शिधा पोचवत होती. आणि 29 ते 31 ऑगस्टला मुंबईत आठव्या हंगामाचा लिलाव झाला. त्या महिन्याभरात सरावाला न आलेल्या मुलाच्या नावापुढे ‘अनियमित’ असा शेरा पडला असेल, तर त्या शेऱ्याचा खेळाशी काय संबंध? दरडीखालून माणसे काढणाऱ्या हातांना पकडीत जोर नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करावे? 2005 च्या जुलैत दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते इथे हेच घडले होते. डोंगराच्या कुशीतल्या गावांत पावसाळा हा सरावाचा काळ नसतो, जागे राहण्याचा असतो. ज्याला हे माहीत नाही त्याने इथल्या मुलांच्या मनाबद्दल बोलू नये.

बक्षिसांच्या सामन्यांविषयीची तुच्छता अज्ञानातून आलेली आहे. दिवाळीनंतर रायगडात रात्रीचे सामने सुरू होतात ते मे संपेपर्यंत चालतात. प्रकाशझोत, दोरीपलीकडे दाटलेली माणसे, ध्वनिक्षेपकावरचे समालोचन, बाद पद्धत, आणि एका रात्रीत तीन-चार सामने. पहाटे तीनला उपांत्य फेरी खेळायची, तासाभराने अंतिम सामना. अंगातली ताकद संपलेली असते, मातीने कोपर सोललेले असते, समोरच्या गावाची माणसे नावाने ओरडत असतात, आणि दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई असते. या क्षणी जो मुलगा निदान रेषा ओलांडून आत जातो आणि गुण घेऊन परततो, त्याच्या मनाची परीक्षा झालेली असते. जो लोण बसल्यावर मान खाली घालून बाजूला न होता साखळी पुन्हा बांधतो, त्याचीही झालेली असते. ‘मनावर घेणे’ म्हणजे आणखी काय असते? ज्या सामन्यांत हे सगळे दिसते, तेच पाहायला कोणी येत नाही, आणि जिथे दिसण्याची शक्यताच नाही त्या चाचणीवरून निकाल दिला जातो. गावचा चषक हे या मुलांचे शेवटचे ध्येय नसते. तेवढेच मैदान त्यांच्यापुढे मांडलेले असते. शिमग्याला गावी जाण्याचा आरोपही याच जातीचा. वर्षातले चार-पाच दिवस ग्रामदेवतेच्या पालखीला खांदा द्यायला जाणारा मुलगा उरलेल्या तीनशे साठ दिवसांत काय करतो, हा प्रश्न विचारायला हवा. त्याचे उत्तर हवे असेल तर त्याच्या मंडळाच्या पटांगणावर संध्याकाळी जावे लागेल.

‘या तालुक्यांतून मोठे खेळाडू निघत नाहीत’ या विधानामागची मोजणीही सदोष आहे. महाड-पोलादपूरची बरीचशी तरुणाई मुंबई, ठाणे, पनवेल, वसई या पट्ट्यात असते. गावाच्या नावाने मुंबईत मंडळे आहेत आणि प्रभादेवी-लालबाग-परळच्या क्रीडा मंडळांत घाटपायथ्याच्या गावांची पोरे पिढ्यांपासून खेळत आली आहेत. खेळाडूची नोंद होते ती ज्या मंडळातून तो खेळतो त्या मंडळाच्या जिल्ह्यात. त्यामुळे पोलादपूरच्या मातीवर तयार झालेला आणि अठराव्या वर्षी मुंबईला गेलेला मुलगा कागदावर मुंबई शहर, उपनगर किंवा ठाण्याचा होतो. त्याचे यश तिकडे जमा होते. ज्याने खेळ सोडला त्याचे अपयश मात्र गावाच्या खात्यावर टाकले जाते. अशा वहीखात्यातून कोणत्याही तालुक्याबद्दल काय सिद्ध होणार?

भुकेबद्दल बोलणाऱ्यांनी मुलींचा विचार केलेला दिसत नाही. 2016 मध्ये चौथ्या हंगामाबरोबर महिलांचे तीन संघ घेऊन एक छोटी स्पर्धा लीगने भरवली; पुढच्या हंगामात ती झाली नाही. म्हणजे या तालुक्यांतल्या मुलींपुढे तसा लिलाव नव्हता, कोटींचे आकडे नव्हते. तरी त्या शाळेच्या पटांगणावर, भावाचे जुने बूट घालून, घरचे काम उरकून खेळत राहिल्या. पैशाने आणि प्रसिद्धीने भूक मोजणाऱ्यांनी या मुलींचे खेळणे कोणत्या रकान्यात बसवायचे ते सांगावे. लिलावाच्या आधीही या मातीत जिद्द होती. लिलाव मोजायला आला आणि त्याला ती मोजता आली नाही, तर उणीव मापाची आहे.

एक गोष्ट मान्य करायला हरकत नाही. आळशी मुले असतात. महाडलाही असतात, रोहतकलाही असतात. अंगात खेळ असून तो वाया घालवणारे प्रत्येक मंडळाने पाहिलेले आहेत. पण त्यांचा आळस कोणाला कळतो? ज्याने त्यांना सहा महिने रोज संध्याकाळी पाहिले आहे त्याला. मंडळाच्या वस्तादाला, शाळेच्या क्रीडाशिक्षकाला, महाविद्यालयाच्या संघनायकाला. पराभवानंतर दुसऱ्या दिवशी कोण आला, दुखापतीतून उठल्यावर कोणी घाई केली आणि कोणी धीर धरला, धाकट्या पोरांना घोट्याची पकड कोण शिकवतो, ही सगळी माहिती गावात तयार असते. ती विचारायची तसदी कोणी घेत नाही. आळशी कोण हे ज्यांना माहीत आहे त्यांना विचारायचे नाही, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी शेरा मारायचा, अशी ही रीत झाली आहे.

संघांकडे वेळ नसतो, ही सबबही टिकत नाही. पुणेरी पलटणने तरुण पोरांचा वेगळा संघ बांधला, त्यांना एकत्र ठेवले, हंगामामागून हंगाम पाहिले. नगर जिल्ह्यातल्या साध्या घरातला अस्लम इनामदार त्या संघात नवखा म्हणून आला, पुढे संघनायक झाला, ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता आणि 1 मार्च 2024 ला त्याच्या नेतृत्वाखाली पुण्याने पहिल्यांदा लीग जिंकली. हे पाच चढायांत कळलेले नव्हते. मुलाला वेळ दिल्यावर ते घडले. मुंबईहून महाडचे अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. कोकण रेल्वेचे वीर स्थानक जवळ आहे, महामार्ग शहराला लागून जातो. जानेवारी ते मे या काळात कोणत्याही शनिवार-रविवारी या दोन तालुक्यांत कुठे ना कुठे प्रकाशझोतातले सामने चालू असतात. एका मुलासाठी लाखो रुपये मोजायची तयारी असलेल्या संघाला त्याच्यासाठी तीन रात्री मोजता येत नाहीत, हे कोण मानेल?

निवडीच्या तक्त्यात मनासाठी रकाना ठेवायचाच असेल, तर त्यात विशेषण लिहिण्याला बंदी हवी. तिथे तारीख असावी, गाव असावे, समोरचा संघ असावा. सामन्याचे कितवे मिनिट होते, गुणफलक काय होता, मातीवर की मॅटवर, दिवसातला कितवा सामना, तिसऱ्या चढाईला तो आत गेला की रेषेवरून परतला, लोण बसल्यावर पुढची पकड कोणी टाकली, हे असावे. असे निदान दहा सामने नोंदल्याशिवाय त्या रकान्यात काहीही लिहू नये. तोवर तो कोरा राहू द्यावा, आणि कोरा रकाना पाहून त्या मुलाचे नाव खोडू नये.